पाटावरची तीन पाकिटं

धैर्यशील गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहतोय, हे मला त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑकलंडजवळच्या मनुरेवात एका घराच्या दारात पार्सल घेऊन उभा होतो. मी इतक्या मोठ्याने हसलो की आतलं कुत्रं भुंकायला लागलं.

"हसू नको, जग्या," तो म्हणाला. "दुसरं कुणी उभंच राहत नाहीये."

माणूस हसणार नाही तर काय करणार? हा तोच धैर्यशील, ज्याला ऑकलंडच्या एका मंडळात गणपतीला दोन शब्द बोलायला सांगितलं तर टॉयलेटमध्ये जाऊन बसला होता, आणि आरती संपल्यावर बाहेर आला होता. चार माणसांसमोर उभा राहिला की त्याची जीभ अडखळते. वाद घालता येत नाही, नाही म्हणता येत नाही. आम्ही दोघं दोन हजार नऊला शिकायला म्हणून या देशात आलो. तो कराडचा, मी चिंचवडचा. मनुरेवात तीन खोल्यांच्या घरात आम्ही सात जण राहायचो, आणि पुकेकोहेला कांद्याच्या पॅकहाउसमध्ये उभ्याने कांदे निवडायचो. तिथेही सगळ्यांच्या नकोशा झालेल्या शिफ्ट हाच बदलून द्यायचा. त्याचा स्वतःचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा सहा वर्षं बॅगेत पडून होता.

मग कधीतरी त्याने तोरेआ बेटावरच्या पॉवरहाउसची जाहिरात बघितली. डिझेलचे दोन जनरेटर, त्यांच्यावर सगळं बेट. वारा, शेवाळ, मेंढ्या, आणि आठवड्यातून दोनदा विमान. तिथे जायला कुणी तयार नव्हतं म्हणून नोकरी याला मिळाली. बायको सलोनी आणि तान्ही श्रिया यांना घेऊन तो गेला. आम्हाला वाटलं, सहा महिन्यांत परत येईल. सात वर्षं झाली तरी आला नाही. तिथे त्याला पहिल्यांदा कुणीतरी इंजिनियर म्हणून हाक मारली होती, हे त्याने मला एकदा सांगितलं.

आता हे गव्हर्नरचं प्रकरण. कागदोपत्री ते पद मेयरचंच आहे. पण व्हेल मारणाऱ्या जहाजांच्या काळात कुणा कप्तानाने तिथे झेंडा रोवून स्वतःला गव्हर्नर म्हणवून घेतलं म्हणे, तेव्हापासून बेटावरची माणसं मेयरला गव्हर्नरच म्हणतात, थोडं थट्टेने, थोडं ऐटीने. मतदार तीनशे बारा. गव्हर्नर रॉस टर्नर नावाचा मेंढ्यांवाला. गेली नऊ वर्षं त्याच्या विरोधात कुणी उभं राहिलं नव्हतं, त्यामुळे निवडणूक अशी झालीच नव्हती.

आणि या वर्षी रॉसने ठरवलं की नर्सचं घर विकायचं.

हे घर म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बेटावर डॉक्टर नाही. एक दवाखाना आहे आणि एक नर्स, मेरेआना नावाची. ती काउन्सिलच्या घरात राहते, म्हणून ती तिथे राहू शकते. भाड्याला दुसरं घरच नाही. रॉसचं म्हणणं होतं की ते घर विकून बोटींचा धक्का दुरुस्त करावा, नर्स आठवड्यातून दोनदा विमानाने येईल. धक्का खरंच मोडला होता. रॉस काही वाईट माणूस नव्हता. तो वाईट माणूस असता तर मला बरं वाटलं असतं.

पण श्रियाला दमा होता. साधासुधा नव्हे. पाच वर्षांची असताना एका सकाळी शाळेत जायला बूट घालता घालता तिचा श्वास अडकला. पंपाने काही होईना. ओठ जांभळे पडले. धैर्यशील तिला उचलून धावत मेरेआनाच्या दारात गेला, तिने तिथेच ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. दारापासून दारापर्यंत सात मिनिटं. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. दोन्ही वेळा मेरेआनाने नंतर त्याला एकच गोष्ट सांगितली, की आणखी दहा मिनिटं झाली असती तर मी काही करू शकले नसते. विमान बोलावलं तर यायला दोन-अडीच तास. तेही धुकं नसेल तर.

म्हणून तो उभा राहिला. घर वाचलं तर नर्स राहील, नर्स राहिली तर पोर राहील. एवढाच त्याचा जाहीरनामा.

मी तीन आठवड्यांची रजा टाकली आणि गेलो. मी कुरिअरची व्हॅन चालवतो. सात वर्षं झाली. पार्सल किती वाजेपर्यंत दिलं तर आज जातं आणि किती वाजल्यानंतर उद्यावर जातं, यावर माझं पोट चालतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी ते विसरल्यासारखं वागलो.

प्रचार कसला, दारोदार हिंडणं. धैर्यशीलने इस्त्रीचा शर्ट घालायचा, वर पॉवरहाउसचं पिवळं जाकीट. दार उघडलं की हा पहिलं वाक्य घशातच अडकवायचा. मी मागून ढोसायचो. एका म्हाताऱ्या कोळ्याने त्याला दारात तीन मिनिटं अडखळू दिलं आणि मग म्हणाला, "डॅरी, माझा फ्रीझर तू ख्रिसमसच्या दिवशी येऊन दुरुस्त केलास. आत ये, चहा घे." हे दर तिसऱ्या घरात व्हायचं. कुणाचा फ्रीझर, कुणाचा पंप, कुणाची वेल्डिंग मशीन. सात वर्षं याने कुणाला नाही म्हटलं नव्हतं, ते आता कामाला येत होतं.

घरी फ्रिजवर त्याने मतदारांची यादी लावली होती. आपले हिरव्या पेनाने, त्यांचे लाल. रोज रात्रीच्या जेवणाआधी तो मोजायचा. एकोणीस सप्टेंबरला लाल वीसने पुढे. पंचवीसला दहाने. ऑक्टोबर उजाडला तेव्हा हिरवे आणि लाल सारखे झाले होते, आणि त्याची झोप उडाली होती.

"एकेक मत, जग्या," तो म्हणायचा. "एकेक."

या घरातली मतं तीन होती. त्याचं, सलोनीचं, आणि त्याच्या आईचं. सरलाकाकूंना रेसिडेन्सी मिळून दोन वर्षं होत आली होती, आणि या देशातलं त्यांचं हे पहिलंच मत. काकू कराडला प्राथमिक शिक्षिका होत्या. तीस वर्षं इलेक्शन ड्यूटी केलेली बाई. बूथवर शाई लावली, पेट्या सील केल्या, एकदा तर पुरात अडकलेल्या बूथवर रात्रभर पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. निवडणूक म्हणजे काय हे मला शिकवू नका, असं त्या म्हणायच्या, आणि कुणी शिकवायला गेलंही नाही.

इथे मतदान टपालाने होतं. कागद घरी येतो, खूण करायची, पाकिटात घालायचं, टाकायचं. तोरेआवर पेटीच नाही. सगळी पाकिटं विमानाने ऑकलंडला जातात आणि तिथे मोजली जातात. शनिवारी बारा वाजेपर्यंत पोचली पाहिजेत.

पाकिटं घरी आली ती पितृपक्षात. काकूंनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि देवापाशी ठेवून दिली.

"पितृपक्षात नको," त्या म्हणाल्या. "चांगल्या कामाला चांगला दिवस बघू."

सलोनीला असलं काही पटत नाही. पण सासूने या घरात आल्यापासून स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. मग नवरात्र बसलं. काकूंनी हीटरच्या शेजारी घट मांडला, नाहीतर त्या थंडीत धान्य उगवलं नसतं. सलोनी श्रियाला घेऊन ऑकलंडच्या हॉस्पिटलात तपासणीला जायची होती. जाण्याआधी तिने खूण करून पाकीट बंद केलं. "आई, तुमच्याबरोबर माझंही टाका हं," म्हणाली. धैर्यशीलनेही आपलं दिलं. तिन्ही पाकिटं घटाशेजारी राहिली.

आणि तेव्हा मी, मी शहाणा, सोफ्यावर चहा पीत बसलो होतो, तो म्हणालो, "काकू, दसऱ्यालाच टाका. सीमोल्लंघन होईल."

काकू इतक्या खूश झाल्या! "बघ, याला कळतं," म्हणाल्या. मी नुसती थट्टा केली होती.

दसरा त्या वर्षी बुधवारी होता. विमान मंगळवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी खंडेनवमी.

मंगळवारी सकाळी धैर्यशील पॉवरहाउसमध्ये अडकला होता. दुसऱ्या जनरेटरचा इंजेक्टर गेला होता, आणि निवडणुकीच्या आठवड्यात दिवे गेले असते तर त्याचा खेळच खलास होता. दोन दिवस तो घरी आला नव्हता. काकूंनी पाट मांडला. त्याचे पाने, मल्टिमीटर, श्रियाची वही, स्वयंपाकघरातली विळी. झेंडू नव्हता, तर अंगणातल्या कोवाईची पिवळी फुलं आणली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझी व्हॅनची किल्ली आहे ना खिशात? आण."

मी दिली. त्यांनी तिला हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि माझ्या कपाळाला बोट लावलं. माझी आई कोविडमध्ये गेली. मी तिला फोनच्या पडद्यावर जाताना बघितलं, इथे, व्हॅनमध्ये बसून. बारा-तेरा वर्षांत माझ्या किल्लीला कुणी कुंकू लावलं नव्हतं. मी पाटासमोर बसलो आणि मला उठवेना.

मग काकूंनी पेन ठेवलं, आणि पेनाशेजारी ती तीन पाकिटं.

"आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. पुजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत वापरायची नसतात, हे मलाही ठाऊक होतं.

मी घड्याळ बघितलं. साडेअकरा. मंगळवारचं विमान दुपारचं, त्याची टपालाची पिशवी दुकानात एक वाजता बंद होते. दुकान दहा मिनिटांवर, चालत. शुक्रवारचं विमान असतं, पण ते येईलच असं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, कारण माझं डोकं त्याच कामासाठी घडलंय.

"काकू, आजच्या टपालात..." मी सुरुवात केली.

"मतदान शनिवारी ना?" त्या म्हणाल्या. "मग आज कशाला धावपळ? पेटी काय शनिवारच्या आधी उघडणारेत?"

तीस वर्षं त्यांनी मतदानाच्या दिवशीच मतदान बघितलं होतं. त्यांच्या लेखी मंगळवारचं मत आणि शुक्रवारचं मत यात फरकच नव्हता. मी समजावू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, आणि माझ्या कपाळावर कुंकू ओलं होतं. मी गप्प बसलो.

सव्वाबाराला धैर्यशीलचा फोन आला. मागे जनरेटर घरघरत होता.

"जग्या, पाकिटं गेली का रे?"

मी पुन्हा घड्याळ बघितलं. "गेल्यातच जमा," म्हणालो. "तू तुझं इंजिन बघ."

बुधवारी दुपारी तो घरी आला. हात काळे, डोळे लाल, पण दिवे टिकले होते. काकूंनी त्याच्या हातावर सोनं म्हणून कसल्यातरी झाडाची दोन पानं ठेवली आणि मग पाटावरची पाकिटं उचलून डोळ्यांना लावून त्याच्याकडे दिली.

"घे. आता विजय तुझाच."

त्याने पाकिटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शुक्रवारी मी परत चाललोय ना," मी घाईघाईने म्हणालो. "हातोहात नेतो. शनिवारी सकाळी ऑफिसात देतो. रोज दीडशे पार्सलं पोचवतो लेका, तीन पाकिटं काय!"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो वाकला, आईच्या पाया पडला, आणि हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

शुक्रवारी सकाळी खिडकी उघडली तर समोरचं कुंपण दिसत नव्हतं.

आम्ही तरीही विमानतळावर गेलो. विमानतळ म्हणजे गवतातली एक पट्टी, एक टपरी आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी. विमान दहाला यायचं होतं. त्यातच सलोनी आणि श्रिया परत येणार होत्या. पाकिटं माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात होती, आणि दर पाच मिनिटांनी मी हात लावून बघत होतो. धैर्यशील पट्टीच्या कडेने येरझारा घालत होता. दहा पावलं गेला की धुक्यात नाहीसा व्हायचा, आणि मग पुन्हा त्याचं पिवळं जाकीट दिसायचं.

अकराच्या सुमाराला आवाज आला. वरून, अगदी डोक्यावरून. विमान आलं होतं. आम्हाला ते दिसत नव्हतं, त्याला आम्ही दिसत नव्हतो. धैर्यशील पट्टीच्या मधोमध धावत गेला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला, जसं काही पायलटला तो दिसणार होता. आवाज एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला, आणखी खाली आला. मग तो वर गेला, बारीक झाला आणि संपला.

"परत गेलं," टपरीतली बाई म्हणाली. "सॉरी, डॅरी. आता मंगळवारी."

त्याने धक्क्यावर फोन लावला. दोन बोटवाल्यांना विचारलं. एकाने सांगितलं, या धुक्यात खाडीच्या बाहेर निघणंच शक्य नाही, आणि निघालो तरी उद्या बारा वाजेपर्यंत पोचणार नाही. दुसऱ्याने नुसतं "नो, मेट" म्हणून फोन ठेवला. धैर्यशील मग माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तीनच आहेत. तीनांनी काय होतंय?"

मी म्हणालो, "काही नाही होत."

आम्ही चार वाजेपर्यंत तिथे बसलो. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी निकालाचा फोन आला. तो स्पीकरवर घ्यायला नको होता, पण घाईत बटण कुठलं दाबलं कुणास ठाऊक. रॉस टर्नर, एकशे अठ्ठावीस. धैर्यशील, एकशे सव्वीस.

काकू ओट्याशी कणीक मळत होत्या. फोनवरची बाई भरभर बोलली होती; त्यांना समजलं नसावं, असं आम्हाला वाटलं.

"काय झालं रे?"

"हरलो, आई."

"कितीने?"

"बऱ्याच मतांनी," तो म्हणाला. आयुष्यात मी त्याला आईशी खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "वीस-पंचवीसने."

काकूंनी मान हलवली आणि कणकेवर ओलं फडकं टाकलं. "पुढच्या वेळी येशील," म्हणाल्या.

सोमवारी त्या दूध आणायला दुकानात गेल्या. दुकानाच्या दारात नोटिसबोर्ड आहे. तीस वर्षं मतांचे आकडे लिहिलेली बाई ती. इंग्रजी आकडा वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. परत आल्या, दुधाची बाटली टेबलावर ठेवली, चप्पल काढायची राहिली.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोनने गेला. आपली तीन होती."

"आई, साठजणांनी मत दिलंच नाही," धैर्यशील म्हणाला. "त्यांच्यातल्या तिघांनी दिलं असतं तरी..."

"त्यांची पोर आजारी नाहीये."

एवढंच बोलल्या. घट त्यांनी दसऱ्यालाच हलवला होता. आता देवही उचलले, पुसले, आणि कपड्यांच्या कपाटात ठेवून दिले. सीमोल्लंघनाची गोष्ट कुणी काढली होती, टपालाची वेळ कुणाला ठाऊक होती, हे त्यांनी विचारलं नाही. धैर्यशीलनेही विचारलं नाही. मी मंगळवारच्या विमानाने आलो. त्याच विमानातून सलोनी आणि श्रिया उतरल्या. गवताच्या पट्टीवर आमची उभ्याउभ्या भेट झाली. सलोनी म्हणाली, "माझं पाकीट तरी मी तिथूनच टाकायला हवं होतं ना रे?" आणि मी म्हणालो, हो.

फेब्रुवारीत घर विकलं गेलं. मेरेआना गेली. जाताना तिने सलोनीला ऑक्सिजनचं मशीन कसं लावायचं, इंजेक्शन कुठे द्यायचं ते कागदावर लिहून दिलं आणि तिच्या गळ्यात पडून रडली.

एप्रिलमध्ये एका सकाळी श्रियाला शाळेत अटॅक आला. सलोनी मासळीच्या कारखान्यात कामावर होती, धैर्यशील पॉवरहाउसमध्ये. दवाखान्याला कुलूप. ते कुलूप कुणी फोडलं सांगू? रॉस टर्नरने. तो शाळेच्या कुंपणाशी काहीतरी करत होता, तो पहार घेऊन धावला. तिथला ऑक्सिजन त्याने ओढून आणला, आणि फोनवर ऑकलंडची डॉक्टर सांगत होती तसं तसं धावत आलेला धैर्यशील करत गेला. विमान दोन तास चाळीस मिनिटांनी आलं. तितका वेळ रॉस दवाखान्याच्या जमिनीवर बसून तिचे तळपाय चोळत होता आणि म्हणत होता, "आय डिडन्ट नो. आय डिडन्ट नो, स्वीटहार्ट." त्याला सगळं ठाऊक होतं. काउन्सिलच्या सभेत धैर्यशीलने अडखळत अडखळत हेच तर सांगितलं होतं.

श्रिया वाचली. अकरा दिवस हॉस्पिटलात होती, त्यातले चार आयसीयूत. त्या अकरा दिवसांत धैर्यशील कॉरिडॉरमध्ये उभा राहायचा, बसायचाच नाही. पाचव्या दिवशी त्याने राजीनामा लिहिला, तिथेच, व्हेंडिंग मशीनवर कागद ठेवून. ते बेटावर परत गेले नाहीत. सामान बोटीने आलं.

आता ते माझ्याकडे राहतात, मनुरेवात. मागच्या दोन खोल्या त्यांच्या. धैर्यशील एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. इंजिनियर म्हणून त्याला आता कुणी हाक मारत नाही. रविवारी आम्ही अवोन्डेलच्या बाजारात भाजी आणायला जातो, आणि तिथे कुणी विचारलं की सध्या काय करतोस, तर तो टोमॅटो निवडायला लागतो. त्याने मला एकदाही काही विचारलं नाही. त्या 'गेल्यातच जमा'बद्दल एक शब्द नाही. कधी तरी विचारेल म्हणून मी वर्षभर उत्तर तयार ठेवलंय.

परवा खंडेनवमी झाली. इथल्या लेबर डेची सुट्टी होती, सगळे घरात. काकूंनी देव मांडले आहेत पुन्हा, श्रियाने हट्ट केला म्हणून. नुसता दिवा लावतात, बाकी काही करत नाहीत. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो तर त्यांनी पाट काढला होता. रिकामा. वर एक फूल, बस्स.

मला वाटलं, मी सुरुवात करावी. मी व्हॅनची किल्ली काढून पाटावर ठेवली.

काकूंनी ती उचलली आणि माझ्या हातात परत दिली.

"नको," त्या म्हणाल्या. "तू उद्या पहाटे पाचला निघतोस. लोकांचं काही पोचवायचं असेल तुला. तुझ्याकडेच ठेव."

मला राहवेना. "काकू, त्या दिवशी मला माहीत होतं. एक वाजता पिशवी बंद होते, ते. धैर्यने फोन केला तेव्हाही माहीत होतं."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तू दोनदा घड्याळ बघितलंस."

"मग तुम्ही..."

"मला वाटलं, उशीर होत असता तर तू बोलला असतास. तुला वाटलं असेल, म्हातारीचा सण आहे, तिला वाईट वाटेल." त्यांनी पाटावरचं फूल सरळ केलं. "वाटलं असतं, जगदीश. वाईट वाटलं असतं मला. पण संध्याकाळपर्यंत गेलं असतं."

आतल्या खोलीत श्रिया एकदा खोकली. काकूंचा हात पाटावर तसाच राहिला. आम्ही दोघं दुसऱ्या खोकल्याची वाट बघत बसलो.